'निवांत' आणि शिर्डीची गाडी

आमच्या घराला पुढचं दार नव्हतं. पुढच्या बाजूला 'हॉटेल निवांत, परमिट रूम' होतं आणि त्याच्या पाठीला चिकटून आमच्या तीन खोल्या. घरी यायचं तर बाजूच्या बोळातून, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटना वळसा घालून मागच्या अंगणात यावं लागे. पाहुणे फारसे नव्हतेच, त्यामुळे पुढच्या दाराची अडचण कधी झाली नाही. हे लिहिताना मी मुद्दाम थांबून आठवून पाहिलं. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत एकही मैत्रीण त्या बोळातून आत आली नाही. एक जण बोळाच्या तोंडापर्यंत आली होती, वही मागायला. ती तिथूनच हाका मारत राहिली आणि मी वही तिथं नेऊन दिली.

गाव नगर जिल्ह्यात, काष्टीच्या बाजारापासून थोडं पुढं, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांतली बरीच माणसं अजून तिथं आहेत आणि त्यांना विचारून मी हे लिहीत नाहीये. आज तिथं 'निवांत' शोधायला गेलात तर सापडणार नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचा हॉल गेला, मागच्या खोल्या जागामालकानं पाडल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर आता मोबाईल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं अशी दोन दुकानं आहेत. मागच्या वर्षी कर्जतकडे एका लग्नाला जाताना मी नवऱ्याला तिथं गाडी थांबवायला लावली. उतरून अंदाज घेत उभी राहिले. आमचं स्वयंपाकघर बहुधा रस्त्याच्या डाव्या पट्ट्याखाली गेलं असावं. नवरा म्हणाला, "फोटो काढू का?" कशाचा काढणार? आम्ही परत गाडीत बसलो.

हॉल मोठा नव्हता. आठ टेबलं, त्यांतली तीन हिरव्या प्लायवूडच्या आडोशात. त्या आडोशांना भानामामा 'केबिन' म्हणायचा. भानामामा म्हणजे स्वयंपाकी. मामा कुणाचाच नव्हता, पण सगळ्यांचा होता. एका भिंतीला देवांच्या तसबिरी, त्यांच्याखाली गल्ला, आणि गल्ल्यामागं माझे वडील, म्हणजे दादा. संध्याकाळी शटर वर करण्याआधी दादा अगरबत्ती लावत आणि ती सगळ्या टेबलांवरून फिरवत. दारूवाल्याच्या दुकानात अगरबत्ती कशाला, असं गावातली माणसं हसत विचारायची. दादा म्हणायचे, "सोनाराच्या दुकानात लावतात ती कशाला?" ते स्वतः पीत नसत. यात मोठेपणा काही नव्हता, त्यांना पित्ताचा त्रास होता. गाव त्यांना 'शेठ' म्हणायचं. खरं सांगायचं तर लायसन पुण्याच्या एका माणसाचं होतं, जागा गावातल्या एकाची होती, आणि दादांनी ते फक्त चालवायला घेतलं होतं. आमच्या तीन खोल्या हॉटेलबरोबरच मिळालेल्या होत्या. हॉटेल आहे तोवर घर. हे आम्हा तिघांना माहीत होतं. गावाला नव्हतं, आणि दादांनीही 'शेठ' ही हाक कधी दुरुस्त केली नाही.

माझा अभ्यास स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून चाले. भिंतीपलीकडे भानामामाची भट्टी असल्यामुळे थंडीत ती जागा ऊबदार असायची. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सोड्याची बाटली उघडल्याचा फस्स आवाज, बर्फ फोडल्याचा, तव्यावर उलथणं आपटत बुर्जी करण्याचा. कारखान्याची पाळी सुटली की सायकली एकावर एक टेकल्याचा खडखडाट व्हायचा आणि पाचच मिनिटांत हॉल भरायचा. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी बैलवाले यायचे; बाजारात रुमालाखाली बोटं दाबून झालेला सौदा इथं बसून पुन्हा मोठ्यानं व्हायचा, आणि आपण फसलो असं दोन्ही बाजूंना वाटायचं. आजही संध्याकाळी कुठं कांदा परतल्याचा वास आला की मला भूक लागत नाही, पाढे आठवतात.

रोजच्या माणसांत मला सगळ्यात ओळखीचा आवाज नानांचा. नाना म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. खिडकीजवळचं एक नंबरचं टेबल त्यांचं. एक क्वार्टर, एक शेव-भाजी, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. उठताना टेबलावर दोनदा टिचकी मारून म्हणायचे, "डबल बेल!" आणि सगळा हॉल ओरडायचा, "जाऊ द्या!" भिंतीपलीकडून मीही हळूच म्हणायचे. नाना नशेत पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते तिथं काय प्यायला येत होते ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या घरात सण दोन प्रकारचे होते, पंचांगातले आणि एक्साईजच्या यादीतले. ड्राय डे आला की दादा दिवसभर आमचे. त्या दिवशी आम्ही हॉलमध्ये राहायला जायचो. आई केबिनमध्ये उशी टाकून दुपारची झोप काढायची, मी चार नंबरच्या टेबलावर वह्या पसरायचे, आणि रात्रीचं जेवण तिघं त्याच टेबलावर, पंख्याखाली, दादांनी वेटरसारखा खांद्यावर नॅपकिन टाकून वाढलेलं. "मॅडम, आज पिठलं स्पेशल हाय," असं ते आईला म्हणायचे आणि आई लाजायची. आईच्या आयुष्यातली मौज मी मोजायला बसले तर बरीचशी त्या बंद शटरमागचीच निघेल.

एरवी आई एकटी असायची. माणसांनी भरलेल्या हॉटेलच्या मागं राहून माणूस किती एकटं असू शकतं, हे सांगून पटत नाही. पुढं रोज शेपन्नास माणसं यायची, पण ती सगळी पुरुषमाणसं, आणि आईनं त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही असं तिनं स्वतःच ठरवलेलं. मागच्या बाजूला बायका यायच्या नाहीत. एका संक्रांतीला तिनं हळदीकुंकू करायचं ठरवलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, चांगल्या जाड बुडाच्या. मला घरोघर पाठवून बोलावणं केलं. तिघीजणी आल्या, त्याही उभ्याउभ्या. उरलेल्या वाट्या काही महिने पोत्यात पडून होत्या. मग दादांनी न विचारता त्या हॉलमध्ये नेल्या आणि त्यांतून फुटाणे द्यायला सुरुवात केली. ज्या घरच्या बायका वाण घ्यायला आल्या नाहीत त्या घरचे पुरुष वर्षानुवर्षं त्याच वाट्यांमधून फुटाणे खात होते. आई एकदा फक्त भानामामाला म्हणाली, "घासताना राख वापर. नव्या हायेत त्या."

लताकाकी आमच्या बोळाच्या पलीकडच्या घरात राहायची. तिचं आणि आईचं माहेर एकच, कर्जतच्या बाजूचं एक लहान गाव. आधीच्या काळात ती आईला 'अक्का' म्हणायची आणि कुंपणावरून दोघींची भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. नवरा रघुकाका कारखान्यात होता. तो आमच्या हॉलमध्ये बसायचा. दादा त्याला दोननंतर तिसरी देत नसत, घरी जा म्हणत. मग तो घरी न जाता पुढच्या फाट्यावर जाऊन प्यायचा. एका हंगामात पाळीवर झिंगलेला सापडला आणि त्याला कामावरून काढलं. त्यानंतर लताकाकीनं आईशी बोलणं टाकलं. कुंपणावर तिनं काटेरी घायपात लावलं. दादांनी दोननंतर दिली नव्हती हे खरं, पण पहिल्या दोन दिल्या होत्या हेही खरं. लताकाकीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आता दोन मुलांचा संसार केल्यावर तर मुळीच वाटत नाही.

मी अठरा पूर्ण केली त्या हिवाळ्यात लताकाकीच्या बचत गटानं दारूबंदीचा अर्ज दिला. बायकांच्या सह्या आणि अंगठे झाले, अधिकारी येऊन पडताळून गेले, आणि मतदान लागलं. हे मतदान कसं असतं ते सांगायला हवं. मत फक्त गावातल्या बायकांनी द्यायचं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहावं असं वाटलं तर उभीवर शिक्का, जावं असं वाटलं तर आडवीवर. पण दुकान जायला आडवीला नुसती जास्त मतं पडून चालत नाही. यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीकडे. उभीवर शिक्का मारायला रांगेत उभं राहायचं कारणच नाही. आणि म्हणून मत गुप्त असलं तरी मत द्यायला शाळेकडे निघालेली बाई कुणीकडची, हे सगळ्या गावाला कळतं.

दादांना हा हिशेब पहिल्याच दिवशी कळला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "त्या दिवशी शिर्डीला गाडी सोडतो. मोठी. जेवढ्या बाया येतील तेवढ्या. दर्शन फुकट, चहा फुकट. सकाळी नेऊन संध्याकाळी आणायच्या."

आई भाकरी थापत होती. "कोन येईल?"

"देवाला कोण नाही म्हणतंय? तू घेऊन जायचं त्यांना."

"मी?"

"मग मी जाऊ? बायकांची गाडी हाय."

"अहो, हळदीकुंकवाला आल्या न्हाईत त्या माझ्या..."

"हळदीकुंकवाला गाडी नव्हती," दादा म्हणाले. मग हळू आवाजात, "कमल, हे गेलं तर खोल्या पण जातील. तुला माहीत हाय."

आईनं मान हलवली. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती लुगड्याच्या घडीत ठेवलेली चांगली साडी काढून बसलेली. बोलावणं करायला घरोघर जायचं होतं ना.

तिच्याबरोबर मी होते. अशी आई मी आधी पाहिली नव्हती. पहिल्या दोन घरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून, पाठ केल्यासारखं बोलली. तिसऱ्या घरी आजीनं "बस की गं" म्हटलं आणि आई बसली, पाणी प्याली, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली. त्यानंतर प्रत्येक घरी ती जास्त वेळ बसायला लागली. बायका हो म्हणत होत्या. एक म्हणाली, "शेठनी आमच्या म्हाताऱ्याचा लई पैका नेला, एक दर्शन तर पायजेच." आईसुद्धा हसली. शेवटी आम्ही लताकाकीच्या दारात आलो. मला वाटलं होतं आई ते घर वगळेल.

लताकाकी शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं, आईच्या साडीकडे पाहिलं, आणि विचारलं, "किती वाजता सुटनार गाडी?"

"आठला."

"नऊला सोडा. आमी येतो. सगळ्या येतो."

आई घरी येताना बोळात थांबली आणि मला म्हणाली, "सगळ्या येतो म्हनली ना?" मी हो म्हटलं. मला तेव्हाच काहीतरी विचित्र वाटलं होतं. लताकाकी अर्जावरची पहिली सही होती. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून मी ते बोलले नाही.

आदल्या दिवशी दुपारपासून आमच्या स्वयंपाकघरात लग्नघरासारखी गडबड होती. आईनं धपाट्यांचं पीठ मोठ्या परातीत मळलं, ज्वारीचं, त्यात बेसन, लसूण, कोथिंबीर. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यातच कुटायची असा तिचा हट्ट. भानामामानं चार वेळा मदत करू का विचारलं आणि चार वेळा बोलणी खाल्ली. "तुझ्या हाताला हॉटेलचा वास हाय," आई म्हणाली. "वहिनी, हॉटेलातच हायसा तुमी," तो म्हणाला. "मी मागं हाय," ती म्हणाली. कापडात गुंडाळून धपाटी टोपलीत रचताना ती गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं असं नाही, पण ड्राय डे नसताना ऐकल्याचं आठवत नाही.

सकाळी गाडी हॉटेलसमोर येऊन लागली. मतदानामुळे दारू बंदच होती, शटर खाली होतं. बायका आल्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत अबोली, काखेत पिशव्या. एकेक जण गाडीत चढली, खिडकीजवळची जागा बघून तिच्यावर पिशवी ठेवली, आणि खाली उतरली. आई पुढच्या सीटवर टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लक्षात यायच्या आत सगळी गाडी पिशव्यांनी भरली आणि माणसांनी रिकामी झाली.

लताकाकी दादांसमोर उभी राहिली. "शेठ, गाडी थांबवा जरा. आमी एवढं मत टाकून येतो."

दादा म्हणाले, "लताबाई, हे बरोबर न्हाई. गाडी कशासाठी केलीय..."

"दर्शनासाठी केलीय ना? मग दर्शनाला येतोच की आमी. मत देऊ नका, असं कुठं म्हनला हुता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हनले असते तर लिहून घेतलं असतं!" आणि सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. त्या घोळक्यानं शाळेच्या रस्त्याला लागल्या. ड्रायव्हरनं दादांकडे बघून विचारलं, "इंजिन बंद करू का?" दादांनी हातानंच कर म्हणून सांगितलं.

गाडीत आई एकटी. मी खिडकीखाली उभी होते. ती समोरच्या काचेतून बघत होती, बायकांच्या पाठी दिसत होत्या तोपर्यंत. मग तिनं टोपली बाजूच्या सीटवर ठेवली, कापड नीट केलं आणि खाली उतरली.

"कुठं?" दादांनी विचारलं.

"त्यांच्यासंगं."

"कमल, तू तिकडं गेलीस तर लोक काय समजायचं ते समजतील."

"इतकी वर्सं समजलेच की," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "अहो, माझं बी नाव हाय यादीत. कुनाच्या तरी रांगंत उभं राहू द्या मला."

दादांनी अडवलं नाही. ती भरभर चालत गेली, जवळजवळ पळतच, आणि वळणावर घोळक्यातली शेवटची बाई मागं वळून थांबलेली मला दिसली. नाव माझंही यादीत होतं. मी जागेवर उभी राहिले. दादा हॉटेलच्या पायरीवर बसले होते आणि त्यांना सोडून जाणं मला जमलं नाही. अशा रीतीनं माझं आयुष्यातलं पहिलं मत मी न देताच दिलं.

तासाभरानं बायका परत आल्या, बोटांवर शाई, तोंडं लाल झालेली. आई त्यांच्या मधोमध होती. तिनं दादांकडे पाहिलं नाही. सगळ्या गाडीत चढल्या आणि लताकाकीनं पुढच्या सीटवरची टोपली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, तिथं आईला बसवलं, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हाना आता." गाडी गेली. आत 'साईनाथ महाराज की' ऐकू आलं, आणि त्या आवाजात एक आवाज आईचा होता.

दिवसभर मी आणि दादा हॉलमध्ये होतो. शटर अर्धं वर. दादांनी टेबलं पुसली, नंतर गल्ला पुसला, नंतर पुन्हा टेबलं. चार वाजता नाना आले. बंद आहे हे माहीत असून आले. आपल्या टेबलाशी बसले आणि पाणी मागितलं. मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्या हॉलमध्ये मी नानांना पहिल्यांदाच समोरून पाहत होते. भिंतीतून मला ते उंच वाटायचे.

"शेठ," नाना म्हणाले, "आडवी झाली तर?"

"झाली तर झाली."

"तुम्ही काय, दुसरा धंदा बघाल. मी इचारतो माझं. संध्याकाळचं मी कुठं जायचं?"

"घरी जायचं, नाना."

"घरी काय हाय?" नाना म्हणाले. थोड्या वेळानं नाना उठले. टिचकी मारली नाही.

पाच वाजता मतदान संपलं आणि शाळेतच मोजणी झाली. भानामामा जाऊन उभा राहिला होता. दिवेलागणीला तो आला आणि हात आडवा करून दाखवला. दादांनी आकडा विचारला. भानामामानं सांगितला. दादांनी मनातल्या मनात वजाबाकी केली हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. त्यानंतर त्यांनी उठून बाहेरच्या पाटीचा दिवा लावला. का लावला ते त्यांनाच ठाऊक. कदाचित सवयीनं.

त्याच उजेडात शिर्डीची गाडी येऊन थांबली. बायका उतरल्या, एकमेकींना हाका मारत पांगल्या. निकाल त्यांना गावाच्या वेशीवरच कळला होता, पण आमच्या दारात कुणी जल्लोष केला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. आई बोळातून आत आली. टोपली रिकामी. कपाळावर उदी, आणि घसा पार बसलेला. दिवसभर बोलून बोलून बसलेला. ती काहीतरी म्हणाली ते आम्हाला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

"काय?" दादांनी विचारलं.

"सगळी धपाटी संपली," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लतानं चटणी बांधून मागितली घरी न्यायला." आणि मग तिला रडू फुटलं.

दादा तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "फरक लई मोठा हाय. तू गेली नसतीस तरी पडलीच असती. मी हिशेब केला." तो हिशेब बरोबर होता, मी नंतर स्वतः करून पाहिला. तिनं कुठल्या बाटलीवर शिक्का मारला हे दादांनी कधी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. आता दादा नाहीत आणि आईला विचारावं असं मला वाटत नाही. त्या संध्याकाळी तिनं पदराची गाठ सोडून प्रसाद काढला आणि दादांनी तो हात पुढं करून घेतला.

पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात जितक्या बायका आल्या तितक्या आधीच्या सगळ्या वर्षांत आल्या नव्हत्या. लताकाकीनं कुंपणातलं घायपात एका बाजूनं कापून वाट केली. बचत गटाची बैठक बंद हॉलमध्ये व्हायला लागली, आईनंच सुचवलं. टेबलं जोडून त्यावर चादर टाकायची, आणि ज्या भिंतीला टेकून मी पाढे पाठ केले त्या भिंतीपलीकडून बायकांचा हसण्याचा आवाज यायचा. माझ्या वर्गातली एक मुलगी तर बोळातून थेट स्वयंपाकघरात आली आणि तिनं लोणचं मागून खाल्लं. दादा त्या वेळी मागच्या खोलीत पडून असायचे. दुपारी झोपायची त्यांना सवय नव्हती. भानामामा दौंडला दुसऱ्या हॉटेलात लागला. नाना संध्याकाळी एसटी स्टँडवर बसलेले दिसायचे, कुठली गाडी कुठं जाते ते प्रवाशांना सांगत. कुणी न विचारता.

जागामालकानं उन्हाळ्याच्या शेवटपर्यंत मुदत दिली, तीही चांगुलपणानं. दादांना नगरला एका गोडाऊनवर देखरेखीचं काम मिळालं आणि आम्ही तिथं दोन खोल्या घेतल्या, तिसऱ्या मजल्यावर. तिथं आम्हाला कुणीच ओळखत नव्हतं. आज आई माझ्याकडे राहते. सोसायटीतल्या बायका चांगल्या आहेत, भजनी मंडळ आहे, पण ती खाली उतरत नाही. मी आग्रह केला तर म्हणते, "आता नव्यानं कुनाला ओळख सांगू?"

निघालो त्या दिवशी टेम्पो बोळाच्या तोंडाशी लावला होता. सामान भरून झालं, आई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मी तिच्या बाजूला. दादा मागं सामानात. लताकाकी धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं. आम्ही कधी जाणार हे तिला माहीत होतं, पण गोष्ट खरी होईल असं बहुतेक तिला वाटलं नव्हतं.

"अक्का," ती दाराला धरून म्हणाली, "तुमी जाताच कशापायी? आता तर दुकान बी न्हाई. आता तुमाला कोन नाव ठेवतंय? ऱ्हावा की."

आईनं तिच्याकडे पाहिलं. लताकाकी मनापासून विचारत होती.

"दुकान न्हाई म्हनूनच की गं, लता," आई म्हणाली. "घर दुकानाचं हुतं."

लताकाकीच्या चेहऱ्यावर मला ते हळूहळू उतरताना दिसलं, शाळेपासून गाडीपर्यंत, गाडीपासून या टेम्पोपर्यंत. "असं व्हय," ती म्हणाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं दारावरचा हात काढला नाही. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला, मग आईनंच तिची बोटं एकेक करून सोडवली.